शब्द हवा: ‘जिटर’लाही खरखरच म्हणायचं का?

दौलतगंजकर
इथे ग्वाल्हेरला गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी, घरी रेकॉर्डिंग कसं करावं याचं छोटं टिपण मराठीत करतोय. ‘नॉइज’ला खरखर लिहून टाकलं (आसपास सगळे हिंदीत खरखराहटच म्हणतात). पुढे ‘जिटर’ आला. तिथेही खरखर चालेल का? ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्ही नकोच असतात.

सोल्डर
नाही चालणार. नॉइज म्हणजे मूळ आवाजात बाहेरून मिसळलेलं काहीतरी. जिटरमध्ये मिसळत काही नाही, सॅम्पलची (ठरावीक अंतराने घेतलेल्या आवाजाच्या मापाची) वेळ मागेपुढे होते. सीडीत सेकंदाला 44,100 सॅम्पल, म्हणजे दोघांत साधारण 22.7 मायक्रोसेकंदांचं अंतर. सॅम्पलचा आकडा अगदी बरोबर असला, तरी डॅकने (आकड्यांचा पुन्हा सिग्नल करणाऱ्या भागाने) तो जरा आधी किंवा उशिरा बाहेर काढला की लहरीचा आकार बिघडतो.

ओळखायची खूण सोपी आहे. गाणं थांबवा आणि आवाज वाढवा. तरीही जे ऐकू येतं ते नॉइज. जिटर शांततेत ऐकूच येणार नाही, कारण सिग्नल बदलत नसेल तर वेळ चुकून काही बिघडत नाही. म्हणूनच सूर जितका उंच, तितका त्याचा त्रास जास्त. 20 किलोहर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या सुरात 16 बिटांच्या मापातल्या सर्वांत लहान पायरीच्या अर्ध्याएवढी चूक व्हायला 121 पिकोसेकंद पुरतात. 1 किलोहर्ट्झला वीसपट मोकळीक मिळते.

रेला
मग ‘लय डगमगणे’ घ्या की. तबल्याच्या क्लासात रोज ऐकायला मिळतं.

सोल्डर
लय नको हो. एक तर ग्वाल्हेरात हा शब्द कुठेही वापरला तर बुजुर्ग रागावतील, आणि ते बरोबरच आहे. दुसरं, लय वाढली किंवा ओढली गेली असं आपण म्हणतो तो हळूहळू होणारा बदल. क्लॉक (सॅम्पलच्या वेळेचे ठोके देणारं सर्किट) कायमच किंचित जलद असेल तर सूर नखभर चढेल, पण तो जिटर नव्हे. दूरसंचारवाले तर 10 हर्ट्झवर रेघ मारतात: त्याखालची हालचाल ‘वॉन्डर’, वरची ‘जिटर’. तेव्हा ‘डगमग’ वॉन्डरला द्या, जिटरला ‘थरथर’.

सरोदवाली
थरथर म्हटलं की मुलांना गळ्याची थरथर वाटेल!

सोल्डर
ताई, मुद्दा बरोबर आहे. पहिल्यांदा ‘क्लॉकची थरथर’ लिहावं, पुढे नुसतं जिटर. क्लॉकचं घड्याळ मात्र करू नये, भिंतीवरचं डोळ्यापुढे येतं.

सरोदवाली
आणि नॉइजला तरी सरसकट खरखर कशाला? माझ्या लॅपटॉपला चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये ‘घूं’ येते, काढला की जाते. तिला खरखर कोण म्हणेल?

सोल्डर
कोणीच नाही. ती घूं. चार्जर आणि मिक्सर दोघांचंही अर्थिंग एकत्र येऊन फेरा तयार होतो, त्यातून 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर घुसतात. टेपवर यायची ती ‘सूं’. खरखर सैल जॅकसाठी आणि झिजलेल्या व्हॉल्यूमच्या बटणासाठी राखून ठेवा.

रेला
म्हणजे विजेचा नॉइज आणि जिटर यांचा काही संबंध नाही?

सोल्डर
आहे ना, आणि टिपणात तो यायलाच हवा. क्लॉकचा व्होल्टेज ठरावीक रेषा ओलांडतो तो क्षण म्हणजे ठोका. पुरवठ्यातला नॉइज त्यावर चढला की रेषा लवकर किंवा उशिरा ओलांडली जाते, म्हणजे नॉइजचाच जिटर झाला. 50 हर्ट्झची घूं क्लॉकमध्ये शिरली तर 1000 हर्ट्झच्या सुराशेजारी 950 आणि 1050 उगवतात. ऑप्टिकल केबलने अर्थिंगचा फेरा तुटतो, घूं जाते. पण त्या केबलमधून क्लॉक डेटाबरोबरच येतो आणि पलीकडे डॅकला तो त्यातून पुन्हा काढावा लागतो, त्यामुळे थरथर उरू शकते. असिंक्रोनस यूएसबीत डॅक स्वतःच्या क्लॉकवर चालतो, म्हणून हा प्रश्न बराच कमी होतो. फाइल कॉपी करताना तर प्रश्नच नाही. आकडे तेच राहतात, मग पेनड्राइव्ह कितीही भंगार असो.

दौलतगंजकर
घूं, सूं, खरखर वेगळे केले. जिटरच्या परिच्छेदात ‘आवाज मध्येच तुटतो’ असंही लिहिलं होतं, ते ठेवू ना?

सोल्डर
ते काढा. आवाज तुटतो तेव्हा बहुधा बफर (पुढचे सॅम्पल तात्पुरते साठवायची जागा) रिकामा झालेला असतो. त्याला वेगळा मथळा द्या. ‘आवाज फाटतो’ तिसऱ्यात, तिथे इनपुटची पातळीच जास्त असते.