जहाज त्यांचं, चूक त्यांची, मग जनरल ॲव्हरेजची वर्गणी आमच्याकडून का?

वडगादीकर

मशीद बंदरला आमचा खजूर आणि सुक्या मेव्याचा घाऊक धंदा आहे. रमजानच्या आधी एका जहाजात आमचा कंटेनर होता. वाटेत जहाजाला आग लागली, विझली, आमच्या मालाला धगही लागली नाही. जहाज न्हावा शेवाला लागलं आणि डिलिव्हरी ऑर्डर आणायला गेलेला आमचा क्लिअरिंग एजंट वेगळेच कागद घेऊन परतला. जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलंय, ॲव्हरेज बाँडवर, म्हणजे वाट्याला येईल ती वर्गणी भरू या हमीपत्रावर, सही करा, विमा कंपनीची गॅरंटी आणा, विमा नसेल तर रोख अनामत भरा, तोवर माल सुटणार नाही. आमचा विमा होता, म्हणून आम्ही गॅरंटी येईपर्यंत थांबलो. शेजारच्या गाळेवाल्याला व्याजाने पैसे काढून अनामत भरावी लागली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जहाज आणि माल एकाच संकटात असताना सगळं वाचवायला जाणूनबुजून काही गमावलं किंवा खर्च केला, म्हणजे माल समुद्रात टाकला, आगीवर पाणी मारलं, टग बोलावली, तर तो बोजा वाचलेल्या सगळ्यांनी किमतीच्या प्रमाणात उचलायचा. ऱ्होड्स बेटाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम इ.स. ५३३ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात आला. आज यॉर्क-अँटवर्प नावाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी तो चालतो.

इथवर मला काही म्हणायचं नाही. एकाचा माल फेकून दुसऱ्याचा वाचला, तर वाचलेल्याने द्यायलाच हवं. पण याच नियमांतला नियम डी म्हणतो की संकट कोणाच्या चुकीने आलं, यावर वर्गणीचा हक्क अवलंबून नाही. आणि समुद्रातल्या मालवाहतुकीचे हेग नियम म्हणतात की कप्तान, खलाशी किंवा बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटने जहाज चालवताना चूक केली, तर मालाच्या नुकसानीला जहाजमालक जबाबदार नाही. ही सूट आपल्या समुद्री मालवाहतुकीच्या १९२५ च्या कायद्यात होती, २०२५ च्या नव्या कायद्यातही ठेवली. दोन्ही एकत्र वाचा. जहाज त्यांच्या माणसाने खडकावर घातलं, तर आमचं नुकसान आम्ही सोसायचं आणि वर जहाज सोडवायचा खर्चही वाटून घ्यायचा.

१८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इरावडी जहाजाच्या खटल्यात मालकाला अशी वर्गणी नाकारली होती. मालकांनी काय केलं? बिल ऑफ लेडिंगमध्ये, म्हणजे माल चढवल्याच्या पावतीत, जहाजाच्या माणसांची चूक असली तरी मालवाल्याने वर्गणी द्यायची असं नवं कलम छापलं, आणि १९१२ मध्ये जेसन जहाजाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ते मान्य केलं. आजही ते कलम बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं. मला हा सरळ अन्याय वाटतो.

दर्यावर्दी_निवृत्त

पूर्ण असहमत. मी कंटेनर जहाजांवर चीफ ऑफिसर म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे हे गोदीवरून नाही, ब्रिजवरून सांगतो.

होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या जागेत, धूर दिसला की कप्तानाला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. पाणी सोडायचं का? सोडलं तर खालच्या थरातला माल गेला. तो कोणाचा, किती किमतीचा, त्याचा विमा आहे की नाही, हे विचारत बसला तर जहाज जाईल आणि माणसंही. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात मर्स्क होनामला आग लागली, पाच जण गेले. अशा वेळी कप्तानाचा हात मोकळा राहतो, कारण नुकसान कोणा एकाच्या डोक्यावर बसणार नाही हे आधीपासून ठरलेलं आहे.

तुम्ही म्हणता, आधी चूक कोणाची ते ठरवा. सीएमए सीजीएम लिब्रा २०११ मध्ये चीनमधल्या शियामेन बंदरातून निघताना रुतलं. चूक कोणाची याचा शेवटचा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२१ मध्ये लागला. दहा वर्षं! तोवर टगवाल्यांनी बिनपैशाचं थांबायचं? मग पुढच्या वेळी रुतलेल्या जहाजाकडे येणार कोण? आधी जहाज वाचवा, माल सोडवा, हिशेब करा, आणि चुकीबद्दल नंतर भांडा. नियम डी इतकंच सांगतो. जहाजही आपल्या किमतीप्रमाणे वर्गणी भरतं, हे तुम्ही लिहिलंच नाही.

मुलुंडकर

दोघांचं वाचलं. आमच्या सोसायटीत गच्ची गळली की तळमजल्यावाल्यालाही वर्गणी द्यावी लागते, तसंच हे दिसतंय. पण रक्कम ठरते कशी? आणि जहाजाला आग लागली की सगळंच वाटून घेतात का?

फोर्टमधली_वकील

मुलुंडकर, समजायला सोपे आकडे घेते. जहाज ३०० कोटींचं, सगळा माल ७०० कोटींचा, वाटून घ्यायचं नुकसान आणि खर्च ५० कोटी. म्हणजे प्रत्येकाच्या किमतीवर ५ टक्के. ६० लाखांच्या कंटेनरला ३ लाख. ज्याचा ६० लाखांचा माल फेकला गेला, त्यालाही स्वतःचे ३ लाख सोसावे लागतात, हातात ५७ लाख येतात. नाहीतर ज्याचा माल फेकला तोच सगळ्यांत फायद्यात राहील. हा हिशेब ॲडजस्टर, म्हणजे या वाटणीचे जाणकार, करतात, आणि मोठ्या कंटेनर जहाजाचा असेल तर त्याला वर्षं लागतात.

आगीत सगळं येत नाही. आग विझवायच्या पाण्याने भिजलेला माल वाटणीत येतो. आगीने जळलेला, धुराने किंवा धगीने खराब झालेला येत नाही, तो ज्याचा त्याने सोसायचा. वादळात आपोआप समुद्रात पडलेला कंटेनरही नाही. कोणीतरी सगळ्यांसाठी मुद्दाम केलेला त्याग किंवा खर्च हवा.

आता दर्यावर्दी साहेब, लिब्राचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्या निकालात मालवाले जिंकले! निघण्यापूर्वीचा मार्ग-आराखडाच सदोष होता. नकाशावरच्या खोलीवर विसंबू नका, हा इशारा त्यात नोंदवलेला नव्हता. न्यायालय म्हणालं की जहाज प्रवासाला योग्यच नव्हतं, आणि निघताना ते योग्य ठेवायची जबाबदारी मालकाला कप्तानावर ढकलता येत नाही. म्हणून वर्गणी मिळणार नाही. प्रवासातली चूक माफ आहे, निघतानाची हयगय नाही. वडगादीकर, तुमच्या बाजूचा हा सगळ्यांत भक्कम दगड आहे.

वडगादीकर

ताई, आभार. पण त्या जहाजावर पैसे द्यायला नकार देऊन उभे राहिलेले मालवाले साधारण ८ टक्केच होते, बाकीच्यांनी भरले. लंडनपर्यंत खटला कोण नेणार, वडगादीतला दुकानदार?

दर्यावर्दी साहेब, ज्या होनामचं नाव तुम्ही घेतलंत, तिथे मालवाल्यांकडून किती हमी मागितली होती? बचावकार्यासाठी मालाच्या किमतीच्या ४२.५ टक्के आणि जनरल ॲव्हरेजसाठी ११.५ टक्के. मिळून ५४. साठ लाखांच्या मालावर ३२ लाख ४० हजार, तेही माल हातात यायच्या आधी. कप्तानाचा हात मोकळा राहावा हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्या मोकळ्या हाताची किंमत चूक करणाऱ्या मालकाने का देऊ नये?

मुलुंडकर, सोसायटीत सभा होते, तीन कोटेशनं येतात, ऑडिट होतं. इथे ॲडजस्टर नेमतो जहाजमालक.

विमा_अंधेरी

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सागरी विम्यात इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज या ठरीव अटींचे ए, बी, सी असे तीन प्रकार असतात. सर्वांत स्वस्त सी प्रकारातही जनरल ॲव्हरेज आणि बचावखर्च धरलेला आहे. पॉलिसी असेल तर गॅरंटी विमा कंपनी देते, दुकानदाराच्या खिशातून अनामत जात नाही. शिवाय अनेक जण कस्टम ड्युटी वाचवायला बिलात किंमत कमी लावतात आणि तेवढ्याचाच विमा काढतात. मग विमा कंपनीही त्याच प्रमाणात कमी देते. भांडण नियमाशी नाही, विमा न काढणाऱ्यांशी हवं.

वडगादीकर

विम्याचा हप्ता कोण भरतं? आम्हीच. विमा आहे म्हणून चुकीचा बोजा न्याय्य होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

करंज्याचा_नाखवा

तुमची वाटणी वाचली. माल, जहाज, भाडं, सगळ्यांचा हिस्सा मोजता. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ धडकली. चित्रा कलंडली, कंटेनर पाण्यात, तेल खाडीत आणि तिवरांत. बंदर काही दिवस बंद होतं. तेव्हा नारळी पौर्णिमा तोंडावर होती. मासळीत तेल आहे म्हणून लोक मासे घेईनात. आमचा त्या जहाजावर एक पैशाचा माल नव्हता, नफ्यात हिस्सा नव्हता, तरी नुकसान आमच्या वाट्याला आलंच. तुम्ही दोघं आपसात ३ लाख की ५ लाख भांडताय. त्या हिशेबात आमचा रकाना कुठे आहे?

फोर्टमधली_वकील

नाखवा, जनरल ॲव्हरेजमध्ये तो रकाना नाहीच. आता लागू असलेल्या २०१६ च्या नियमांतही प्रदूषणाचं नुकसान वाटणीबाहेर ठेवलंय. तुमचा दावा थेट जहाजावर. जहाजांवरच्या दाव्यांसाठीच्या २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याखाली उच्च न्यायालयात अर्ज करून जहाज बंदरातच अडवता येतं. एकेकट्याने नाही, मच्छीमार सोसायटीने जायला हवं.

दर्यावर्दी_निवृत्त

नाखवांचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही.

वडगादीकर, नुसता अन्याय म्हणू नका. नक्की काय बदलायचं ते सांगा.

वडगादीकर

दोन गोष्टी. २०१६ च्या नियमांत ॲडजस्टरला मुभा आहे: एखाद्या मालाचा हिशेब करायचा खर्च त्याच्या वर्गणीच्या मानाने अवाजवी होणार असेल, तर तो माल वगळता येतो. ती मुभा त्याच्या मर्जीवर न ठेवता लहान मालाला हक्क म्हणून द्या. आणि जहाज चालवण्यातल्या चुकीची माफी काढून टाका. १९७८ च्या हॅम्बुर्ग नियमांनी ती काढली होती, २००८ च्या रॉटरडॅम नियमांनीही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर माणसं किंवा साधनं अपुरी असलेली, डागडुजी न केलेली नाव बुडाली, तर नावाध्यक्षाने, म्हणजे नावांवरच्या सरकारी अधिकाऱ्याने, भरपाई द्यावी असं आहे.

दर्यावर्दी_निवृत्त

पहिली मान्य. दुसरी अजिबात नाही. हॅम्बुर्ग नियम बड्या व्यापारी देशांनी घेतले नाहीत, रॉटरडॅम अजून लागूच झालेले नाहीत. त्याला कारण आहे. कौटिल्याची नावही माणसं-साधनं नसलेली आहे, म्हणजे लिब्रासारखीच, निघतानाच अयोग्य. चांगल्या जहाजावरच्या चांगल्या कप्तानाची रात्री तीन वाजता झालेली चूक वेगळी. ती मालकाच्या माथी मारलीत, तर मालक ती भाड्यात घालणार.

वडगादीकर

घालू द्या. भाडं आधी कळतं, ते खजुराच्या भावात धरता येतं. दोन वर्षांनी आलेला ॲडजस्टरचा आकडा कोणत्या गिऱ्हाइकाकडून वसूल करू?

मुलुंडकर

ताई, असा बाँड हातात पडला तर त्या दिवशी करायचं काय?

फोर्टमधली_वकील

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, गॅरंटी तीच देते. बाँडवर सही करताना आपले सगळे हक्क राखून ठेवल्याचं लेखी कळवा. माल खराब वाटला तर कंटेनर उघडतानाच सर्व्हेअर बोलवा. आणि तारीख लिहून ठेवा: हेग नियमांनी मालाच्या नुकसानीचा दावा डिलिव्हरीपासून एका वर्षात लावावा लागतो. ॲडजस्टरचा हिशेब त्याच्या कितीतरी नंतर येतो. त्याची वाट पाहत बसलेल्यांचा दावा मुदतीबाहेर जातो, आणि वर्गणीची मागणी मात्र उभीच राहते. वर्ष संपायच्या आत जहाज कंपनीकडून मुदतवाढ लेखी घ्या, नाही दिली तर दावा दाखल करा.