मदत हवी आहे: सपोर्टला सोसरिपोर्ट पाठवायचाय, पण त्यात पासवर्ड दिसतोय

परळकर:
नमस्कार मंडळी. दादरच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८, वर जावाचं अ‍ॅप. रात्रीच्या बॅचला मशीन अडकतं, म्हणून सपोर्टने सोसरिपोर्ट (मशीनची माहिती, कॉन्फिग आणि लॉग यांचं गाठोडं) मागितलाय. अपलोड करण्याआधी उघडून पाहिला, तर पीएसच्या (चालू प्रोसेसची यादी देणाऱ्या कमांडच्या) आउटपुटमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडावाघडा! अ‍ॅप सुरू करताना तो कमांड लाइनवरच दिला जातो (जुन्या व्हेंडरची कृपा). काही कॉन्फिग फायलींत मात्र पासवर्डच्या जागी चांदण्या आहेत. मग इथे का नाहीत? प्रोसेस प्लगइन (सोसरिपोर्टचा ही यादी गोळा करणारा भाग) वगळला तर प्रश्न मिटेल, पण मशीन का अडकतं हे कळायला तीच यादी लागणार. सोसरिपोर्टचा क्लीन पर्याय (खाजगी माहिती झाकणारा) वापरला तर पुरेल का? साहेब म्हणतात, "एनडीए (गोपनीयतेचा करार) आहे ना, पाठवून दे."

रूटवाला:
एनडीएने पासवर्ड झाकला जात नाही, साहेबांना सांगा :)

चांदण्या प्रत्येक प्लगइन आपापल्या ठरलेल्या पॅटर्नप्रमाणे टाकतो. तुमच्या अ‍ॅपचा पॅरामीटर त्याला कुठून माहीत असणार? क्लीन मुख्यतः आयपी, होस्टनेम, मॅक अ‍ॅड्रेस बदलतो. पासवर्ड झाकायचा तर तो कीवर्ड म्हणून तुम्हीच द्यावा लागेल. तो कमांड लाइनवर देऊ नका, नाहीतर शेलच्या हिस्टरीत (टाइप केलेल्या कमांडच्या नोंदीत) नवी प्रत तयार! कीवर्डची फाइल देता येते, ती वापरा. आणि क्लीन झाल्यावर मूळ-बदली शब्दांची मॅपिंग फाइल उरते, तिच्यात खरा पासवर्ड असतो. ती सर्व्हरवरच राहू द्या.

परळकर:
हे लक्षातच आलं नसतं. पीएसखेरीज आणखी कुठे शोधू?

रूटवाला:
व्हार-लॉगमधली सिक्युअर फाइल आधी. सुडोने (रूटच्या अधिकाराने) चालवलेली कमांड पॅरामीटरसकट तिथे उतरते. मग जर्नल (सिस्टिमचा लॉग) आणि सिस्टिमडीच्या युनिट फायली (सर्व्हिस कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या). जुने लॉग जीझिप केलेले असतील तर साधा ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) काही दाखवणार नाही, झेडग्रेप लावा.

पण खरं दुखणं रिपोर्टमध्ये नाहीच. त्या सर्व्हरवर लॉगिन असलेला कोणीही आत्ता पीएस मारून पासवर्ड वाचू शकतो. तो बदला, नवा ६०० परवानगीच्या (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येणाऱ्या) कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा, आणि रिपोर्ट त्यानंतर नव्याने काढा. सिस्टिमडी युनिटच्या एन्व्हायर्नमेंट ओळीत टाकू नका, सिस्टिमसीटीएल शो या कमांडने तीही सगळ्यांना दिसते.

परळकर:
शनिवारी काउंटर बंद झाल्यावर बदलतो. अ‍ॅप फाइलमधून पासवर्ड वाचतं का, ते आधी टेस्ट मशीनवर बघावं लागेल. नाही वाचलं तर पुन्हा इथेच विचारतो.