मदत हवी आहे: पहिली नायट्रो ऑफ-रोड गाडी – नवी आरटीआर घ्यावी की जुनी रेसची बग्गी?

चाकोरी

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं झाली, रिमोटवर चालणारी १/१० स्केलची इलेक्ट्रिक बग्गी चालवते आहे. उडी मारताना नाक वर-खाली कसं करायचं, मातीवर मागची चाकं सुटली की थ्रॉटल कुठे सोडायचा, हे आता बऱ्यापैकी हातात बसलंय. गेल्या महिन्यात आमच्या ट्रॅकवर १/८ नायट्रोची, म्हणजे मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर पळणाऱ्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांची, शर्यत झाली. पाऊण तासाची फायनल. दर आठ-नऊ मिनिटांनी गाडी पिटमध्ये यायची, झाकण उघडून बाटली दाबली की टाकी भरायची, गाडी लगेच सुटायची. मी पूर्ण वेळ कठड्याला टेकून उभी होते. इंधनातल्या जळलेल्या एरंडेलाचा तो वास दुसऱ्या दिवशीही ओढणीला येत होता. तेव्हाच ठरवलं, पुढची गाडी नायट्रोच.

अडलंय ते निवडीवर. तीन गाड्या डोळ्यासमोर आहेत.

पहिली, क्योशोची इन्फर्नो निओ ३.०. आरटीआर आहे, म्हणजे इंजिन, सर्वो, रेडिओ सगळं बसवून येतं. पुल स्टार्ट (दोरी ओढून सुरू करायचं) असल्यामुळे स्टार्टर बॉक्स, म्हणजे गाडी वर धरून इंजिन फिरवायची मोटरची पेटी, लागत नाही.

दुसरी, ट्रॅकवरच्या एका काकांची जुनी रेसची बग्गी. कंपनी चांगली, मॉडेल दोन पिढ्या मागचं. सोबत २१चं इंजिन, स्टार्टर बॉक्स आणि सुट्या भागांचा डबा देताहेत. इंजिन किती चाललंय विचारलं तर "फार नाही" एवढंच म्हणाले. मला इंजिनातलं काहीच कळत नाही, त्यामुळे तिथेच थांबले.

तिसरी, ट्रॅक्ससची रेवो ३.३, मॉन्स्टर ट्रक. बटणावर सुरू होते. भाऊ म्हणतो हीच घे, कुठेही पळेल.

मला शर्यतीत उतरायचंय, नुसतं मैदानात पळवायची नाही. या वर्षी नाही जमलं तरी पुढच्या वर्षी नक्की. पण पहिल्याच महिन्यात इंजिन बाद करून बसायची भीती वाटते. जुनं इंजिन बघून पारखता येतं का? पुल स्टार्टवर शिकणं सोपं, की ती सवय पुढे आड येते? आणि गाडीव्यतिरिक्त काय काय लागतं, हे कोणीतरी सरळ सांगा. दुकानदार प्रत्येक गोष्ट 'लागेलच' म्हणतो.

ग्लो प्लग

ताई, आधी रेवोचा विषय संपवू. गाडी दणकट आहे, पण शर्यतीत १/८ बग्गी आणि १/८ ट्रगी (बग्गी आणि ट्रकच्या मधली गाडी) असे वर्ग असतात. मॉन्स्टर ट्रक घेतलात तर चालवायला मजा येईल, पण तुम्हाला ज्या रांगेत उभं राहायचंय तिथे ती बसणार नाही. बग्गीच घ्या. २१ म्हणजे ०.२१ घनइंच, साधारण ३.५ सीसी. १/८ बग्गीत हेच माप चालतं आणि टाकी १२५ सीसीची. त्यामुळे आज घेतलेलं इंजिन उद्या शर्यतीतही उपयोगी पडतं.

आता जुनं इंजिन पारखायचं कसं. हे नीट वाचा, यात तुमचे पैसे वाचतील.

या इंजिनांना पिस्टन रिंग नसते. पिस्टन अॅल्युमिनियमचा, स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) पितळेची आणि तिला आतून क्रोमचा थर. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. गार असताना पिस्टन वर आला की तिथे घट्ट अडकतो. इंजिन तापलं की स्लीव्ह जास्त फुगते आणि तो घट्टपणा बरोबर जागेवर येतो. हा वरचा घट्टपणा हेच इंजिनाचं आयुष्य. तो झिजला की तापल्यावर कॉम्प्रेशन राहत नाही. मग गाडी गार असताना सुरू होते आणि पिटमध्ये गरम असताना बंद पडली की पुन्हा पेटत नाही.

म्हणून काकांकडे जाल तेव्हा आधी कळवा, की इंजिन गारच ठेवा. ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) काढा आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक, हाताने फिरवा. पिस्टन वरच्या टोकाला पोचताना हाताला स्पष्ट अडकल्यासारखं लागलं पाहिजे. लोण्यातून सुरी जावी तसा सरकला तर ते इंजिन किंमतीत धरू नका. मग पिस्टन खाली आणून फ्लायव्हील हलकेच पुढे-मागे डुलवा. टकटक जाणवली तर कनेक्टिंग रॉड झिजलाय. फ्लायव्हील वर-खाली हलत असेल तर बेअरिंग गेलंय. शेवटी कार्ब्युरेटरच्या तोंडातून बॅटरी मारून आत बघा. माती दिसली तर पुढे काही तपासायची गरजच नाही.

"फार नाही" हे उत्तर धरू नका. या इंजिनांचं वय जळलेल्या इंधनाच्या लिटरवर मोजतात. किती लिटर झाले असं विचारा. जो नीट सांभाळतो त्याला आकडा माहीत असतो.

चॅसीकडे मात्र वेगळ्या नजरेने बघा. रेसची चॅसी जुनी झाली तरी तिचे भाग बदलता येतात. आर्मच्या पिना ढिल्या आहेत का, डिफमधून (डिफरेन्शियल, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची डबी) तेल गळतंय का, ड्राइव्हशाफ्ट जिथे बसतात त्या कपांना खाचा पडल्यात का, एवढं बघा. चॅसी चांगली आणि इंजिन गेलेलं असेल तर चॅसीपुरते पैसे द्या आणि इंजिन नवं बसवा. माझ्या मते तुमच्यासाठी तोच सगळ्यात चांगला मार्ग.

तिसरा डिफ

ग्लो प्लग दादांशी अर्धं सहमत. पारख अगदी बरोबर सांगितली आहे. पण पहिल्या गाडीला माणूस चुकतोच, आणि नव्या माणसाने जुनी चॅसी घेतली की गाडी नीट का चालत नाही हेच कळत नाही. नीडल (इंधन किती जावं ते ठरवणारा स्क्रू) चुकली, की क्लचचे बूट झिजले, की डिफ रिकामा झालाय? आरटीआरमध्ये निदान सुरुवातीला सगळं धड असतं, म्हणजे चूक आपली आहे हे नक्की असतं. मी निओवरच शिकलो, आजही ती माझी सरावाची गाडी आहे.

पुल स्टार्टबद्दल एक सांगतो. दोरी कधीच शेवटपर्यंत ओढायची नाही, वीतभर झटके पुरतात. ओढताना एकदम दगडासारखी अडकली तर जोर लावू नका, सिलिंडरमध्ये इंधन भरलंय. प्लग काढा, गाडी उलटी करा, वर फडकं धरा आणि मग ओढा, इंधन बाहेर पडेल. जोर लावला तर दोरी तुटते किंवा रॉड वाकतो.

पिटवाली

चाकोरी, दोघांनीही गाडीबद्दल लिहिलंय, मी माणसाबद्दल लिहिते. माझ्या नवऱ्याच्या गाडीचं पिट मी पाच वर्षं सांभाळते आहे. इलेक्ट्रिक एकटीने जमते, नायट्रो जमत नाही. तुम्ही वरच्या स्टँडवर उभ्या असता आणि खाली गाडी बंद पडली की ती उचलून, प्लग तापवणारा इग्नायटर लावून पुन्हा सुरू करणारं कोणीतरी लागतं. भाऊ येणार असेल तर आधी त्याला विचारा आणि गाडी त्याच्यासमोरच निवडा. त्यालाही ती सुरू करता आली पाहिजे.

काय लागतं ते सांगते. ग्लो इग्नायटर आणि त्याचा चार्जर, इंधनाची बाटली, तीन-चार जास्तीचे प्लग, प्लगचा पाना, तापमान बघायची इन्फ्रारेड गन, हवेच्या फिल्टरचं तेल, आफ्टर-रन तेल. पुल स्टार्टची गाडी घेतलीत तर स्टार्टर बॉक्स नंतर घेतला तरी चालेल. बाकी दुकानदाराला सांगा, पुढच्या महिन्यात बघू.

सगळ्यात जास्त इंजिनं मारतो तो फिल्टर. फोमचे दोन थर असतात, दोन्हींना तेल लागलेलं हवं, आणि गळ्याशी केबल टाय घट्ट हवा. कोरड्या फिल्टरने धुळीच्या ट्रॅकवर एक टाकी चालवली तरी स्लीव्हवर ओरखडे उठतात. चालवून झालं की टाकी पूर्ण रिकामी करा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतली बेअरिंग गंजतात, म्हणून आफ्टर-रन तेलाचे चार थेंब सोडून इंजिन फिरवून ठेवायचं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. मिथेनॉल विषारी आहे, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. इंधन बंद डब्यात आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा, इंजिन बंद खोलीत कधीही सुरू करू नका. रिसीव्हरचा फेलसेफ ब्रेकवर सेट करा, म्हणजे सिग्नल गेला की गाडी आपोआप ब्रेक मारेल. आधी ट्रान्समीटर चालू, मग गाडी, बंद करताना उलट. सव्वातीन किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वर सिग्नल सोडून सुटली की समोरच्याला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. मी हे एकदा बघितलंय.

ग्लो प्लग

पिटवाली ताईंनी सांगितलं त्यानंतर बोलायला फार काही उरत नाही, फक्त ब्रेक-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवणं. नवं इंजिन गार असताना जबरदस्तीने फिरवू नका. हेड आधी ड्रायरने तापवा, मग सुरू करा. मिश्रण रिच (इंधन जास्त) ठेवा, धूर भरपूर दिसला पाहिजे, पण इंजिन थंडही ठेवू नका. गार स्लीव्हमध्ये पिस्टन घासत राहिला तर ब्रेक-इनमध्येच झीज होते. चालवून बंद केलं की फ्लायव्हील फिरवून पिस्टन खालच्या टोकाला आणा आणि मगच गार होऊ द्या. फ्लायव्हीलवर मार्करने एक खूण करून ठेवा, शोधावं लागणार नाही.

नंतर ट्यूनिंग करताना नीडल एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढीच फिरवायची आणि दोन लॅप मारून बघायचं. तापमान १०० ते १२० अंश सेल्सियसच्या आसपास असतं, पण फक्त आकड्यावर जाऊ नका. सरळ रस्त्यावर निळसर धुराची रेघ दिसतेय का, ब्रेक मारल्यावर आवाज लगेच खाली येतोय का, ते ऐका. आवाज वर लटकून राहिला तर लीन झालंय (इंधन कमी पडतंय), लगेच नीडल उघडा. सकाळची नीडल दुपारी चालेलच असं नाही, हवा बदलली की मिश्रण बदलतं.

चाकोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांकडे जाऊन आले, भावाला घेऊन. इंजिन गारच होतं. प्लग काढून फ्लायव्हील फिरवलं. वरच्या टोकाला काहीच जाणवलं नाही. मला वाटलं मीच चुकतेय, म्हणून भावाला फिरवायला दिलं. त्यालाही तेच. मग काकांनी स्वतः फिरवून बघितलं आणि क्षणभर गप्प झाले. म्हणाले, मुलाची गाडी आहे, तो आता परगावी असतो, त्याने किती चालवलं मलाही माहीत नाही. त्यांनी फसवायला काही लपवलं नव्हतं, हे बघून बरं वाटलं.

चॅसी मात्र नीट निघाली. मागच्या एका कपाला खाच होती, तो भाग डब्यातच मिळाला. पुढच्या डिफचं तेल थोडं गळत होतं. तिसरा डिफ यांचं म्हणणं पटलं होतं, म्हणून आम्ही दोघांनी तिन्ही डिफ उघडून साफ केले आणि सिलिकॉन तेल नवं भरलं. निदान चॅसीत काय आहे ते आता आम्हाला माहीत आहे. चॅसी, स्टार्टर बॉक्स आणि डबा एवढ्याचेच पैसे दिले. इंजिन नवं घेतलं.

आज सकाळी ड्रायरने हेड तापवून पहिल्यांदा बॉक्सवर धरलं. चौथ्या प्रयत्नाला पेटलं. भाऊ इग्नायटर काढायला विसरला होता, आता त्यावर लाल पट्टी चिकटवली आहे. तीन टाक्या झाल्या, रिच आहे, एक्झॉस्टमधून तेल थेंबथेंब गळतंय. एवढं गळणं ठीक आहे ना? खूण खालच्या टोकाला आणून गाडी ठेवली आहे, फिल्टर धुऊन तेल लावून वाळत घातलाय.

ग्लो प्लग

गळू द्या, आत्ता ते तेलच स्लीव्ह वाचवतंय. फक्त फिल्टर आधी धुऊन पूर्ण वाळवा आणि मग तेल लावा, ओल्या फोमला तेल धरत नाही.

चाकोरी

बरं झालं विचारलं. काढून पुन्हा धुतला. चौथी टाकी उद्या.