विंडोज इन्स्टॉल होताना मध्येच थांबतंय, दर वेळी वेगळ्या टक्क्यावर

उद्यमनगरकर:
नमस्कार मंडळी. बाबांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न शॉप (ओतकामाच्या साच्यासाठी नमुने बनवायचं दुकान) आहे. फाउंड्रीवाले आता कागदावर ड्रॉइंग देत नाहीत, थ्रीडी फाइल पाठवतात. त्यासाठी घरीच पीसी जोडला. रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (डिस्क). बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) सगळं दिसतं, तापमानही ठीक आहे.

विंडोज ११ टाकताना मात्र कधी २० टक्क्यांच्या आसपास, कधी ६० च्या पुढं जाऊन अडतं. आवश्यक फाइल्स खराब किंवा गहाळ आहेत असा मेसेज येतो, कोड ८००७०५७०. एकदा निळा स्क्रीनही आला. पेनड्राइव्ह बदलला, आयएसओ (विंडोज टाकायची फाइल) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं परत उतरवली. ओळखीचे एकजण म्हणतात एसएसडी खराब, परत कर. करू का? ऑर्डर अडलीय, म्हणून जरा घाई आहे.

रंकाळावाला:
टीपीएम (पीसीतली सुरक्षेची सोय) बंद असेल भावा. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) चालू कर.

लक्ष्मीपुरी_रिपेअर:
टीपीएमचं असतं तर सेटअपनं सुरुवातीलाच हा पीसी चालणार नाही म्हणून सांगितलं असतं. ६० टक्क्यांपर्यंत गेलंच नसतं.

दादा, एसएसडी परत करायची गडबड करू नका. तुम्ही लिहिलंय की टक्का दर वेळी बदलतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण तीच. आयएसओतली फाइल खराब असती तर गाडी साधारण त्याच जागी अडली असती. जागा बदलते तेव्हा मी आधी रॅम बघतो. विंडोजची मुख्य फाइल खूप दाबून भरलेली असते. ती रॅममध्ये उलगडते आणि प्रत्येक तुकडा बरोबर आहे का ते तपासलं जातं. त्यात एक बिट जरी उलटा पडला तरी सेटअप म्हणणार, फाइल खराब. फाइल चांगलीच असते, वाचताना बिघडते. बायोस रॅमचा अगदी थोडा भाग वापरतं, म्हणून तिथं सगळं आलबेल दिसतं.

आधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायची सेटिंग) बंद करा. रॅम कमी वेगानं चालेल, चालू द्या. तरीही अडलं तर एकच रॅम ठेवा. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटात, पण बोर्डाच्या पुस्तकात बघून घ्या. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम टाकून त्यावरनं पीसी चालू (बूट) करा. फुकट आहे. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरनं पीसी चालू होऊ न देणारी सेटिंग) आडवं आलं तर तेवढ्यापुरतं बंद ठेवा. रात्रभर चालू दे. चूक दाखवणारी लाल ओळ एक जरी आली तरी ती रॅम नापास. 'एवढ्यानं काय होतंय' म्हणू नका. हिशेबाचं मशीन आहे, आणि पॅटर्नचं माप चुकलं तर पुढं सगळं कास्टिंग वाया जातं.

उद्यमनगरकर:
एक्सएमपी बंद करूनही अडलं. मग एकेक रॅम तपासली. पहिली रात्रभर स्वच्छ. दुसरी लावल्यावर थोड्याच वेळात लाल ओळींची रांग. पण रॅमच खराब की स्लॉट?

लक्ष्मीपुरी_रिपेअर:
दोन्ही त्याच स्लॉटात तपासल्या ना? मग स्लॉट सुटला, रॅमच खराब. चांगली रॅम दुसऱ्या स्लॉटात लावूनही एकदा चालवा, म्हणजे तिथलीही शंका जाईल. लाल स्क्रीनचा फोटो काढा आणि बिलासकट दुकानात दाखवा, वॉरंटीत बोलणं सोपं जातं. जोडीनं घेतल्या असतील तर दोन्ही बदलून मागा. वेगवेगळ्या जोडीतल्या रॅम एक्सएमपीवर एकमेकींशी जमतीलच असं नाही.

उद्यमनगरकर:
लई आभार दादा. तोवर एकाच रॅमवर विंडोज टाकलं, एका दमात पूर्ण झालं. बाबांनी फाइल उघडून मापंही घेतली.

लक्ष्मीपुरी_रिपेअर:
झ्याक! आता एवढं करा. विंडोज टाकताना जुनी पार्टिशनं (डिस्कचे पाडलेले भाग) काढली नसतील तर सगळी काढून परत टाका, खराब रॅममधनं लिहिलेलं काही डिस्कवर राहायला नको. नवी जोडी आली की आधी मेमटेस्ट, मग एक्सएमपी चालू करून परत मेमटेस्ट. आणि गिऱ्हाइकाच्या फाइल्सची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.