मदत हवी आहे: आईकडे फक्त आयटीआयएन, मुलांचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट गेलं का?

चौकस_एडिसन: न्यू जर्सीतल्या एका कुटुंबासाठी विचारतोय, २०२५चं रिटर्न. नवऱ्याचा असायलमचा (आश्रयाचा) अर्ज प्रलंबित, वर्क परमिट चालू, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) आहे. डब्ल्यू-२ (पगाराच्या फॉर्म) वर ३४,००० डॉलर. बायको आणि सांगलीत जन्मलेला ११ वर्षांचा मुलगा आयटीआयएनवर (एसएसएन नसलेल्यांचा टॅक्स नंबर). ५ वर्षांची मुलगी इथली, तिला एसएसएन आहे. टॅक्सवाला म्हणतो, नव्या कायद्यात मुलांमागची ही टॅक्स सूट काहीच मिळणार नाही. खरं का?

आकडेमोड: नाही. जुलै २०२५च्या कायद्याने आईवडिलांपैकी एकाकडे तरी कामासाठी वैध एसएसएन मागितलाय. जॉइंट (दोघांचं एकत्र) भरलं की नवऱ्याचा पुरतो. कार्डावर डीएचएसच्या (होमलँड सिक्युरिटी खात्याच्या) परवानगीची अट छापलेली असली तरी परमिट चालू असेपर्यंत चालतं. सेपरेट भरून मुलगी आईच्या रिटर्नवर दाखवली तर मात्र क्रेडिट गेलंच.

हिशोब असा, ३४,०००मधून ३१,५०० स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक वजावट) गेल्यावर २,५०० उरतात, त्यावर टॅक्स साधारण २५०. क्रेडिट मुलीचं २,२०० आणि एसएसएन नसल्याने मुलाचं फक्त ५००. टॅक्स शून्य होतो. उरलेल्यातून हातात येतात १,७००च, कारण एसएसएन असलेल्या मुलामागे तेवढीच मर्यादा आहे. मुलाच्या ५००चा इथे काडीचाही उपयोग नाही, ते रिफंड होत नाहीत.

फॉर्म_८८१२: म्हणून जोर मुलाच्या एसएसएनवर द्या. त्याचं नाव वडिलांच्या असायलम अर्जात असेल तर त्याच्याही वर्क परमिटबद्दल वकिलाला विचारा. वय आड येत नाही. पहिल्या परमिटला आता साडेपाचशे डॉलरच्या आसपास फी आहे, पण एसएसएन आला तर रिफंड १,७००ने वाढतो. १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ भरून मुदतवाढ घ्या, म्हणजे १५ ऑक्टोबरपर्यंत मिळालेला एसएसएन धरला जाईल. त्यानंतर आला, तर मागाहून १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्न) भरूनही २०२५चं क्रेडिट मिळत नाही.

चौकस_एडिसन: टॅक्सवाला आता नवऱ्याला 'हेड ऑफ हाउसहोल्ड' (एकट्याने घर चालवणारा) दाखवून अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांची सूट) काढतो म्हणतोय.

आकडेमोड: एका घरात राहणाऱ्या नवराबायकोला 'हेड ऑफ हाउसहोल्ड' चालत नाही. जॉइंटमध्ये अर्न्ड इन्कम क्रेडिटला दोघांचाही एसएसएन लागतो, म्हणजे ते मिळणार नाही. बेफिकिरीने खोटा दावा केला तर २ वर्षं ते क्रेडिट घ्यायला बंदी, फसवणूक ठरली तर १०. टॅक्सवाला बदला. व्हिटा (स्वयंसेवकांच्या टॅक्स मदत) केंद्रात फुकट भरून देतात.

फॉर्म_८८१२: दोन्ही आयटीआयएनही तपासा. २०२२, २०२३, २०२४ यांपैकी एकाही रिटर्नवर नसतील तर ते ३१ डिसेंबर २०२५ला संपले. डब्ल्यू-७ फॉर्म भरून नूतनीकरण करा. मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवू नका, टॅक्स खात्याने मान्य केलेल्या सर्टिफाइड अ‍ॅक्सेप्टन्स एजंटकडून पडताळून घ्या. आणि राज्याचं क्रेडिट विसरू नका: ५ वर्षांपर्यंतच्या मुलामागे, न्यू जर्सीचं टॅक्सेबल इन्कम ३०,०००पर्यंत असेल तर १,००० डॉलर. तिथे आयटीआयएनही चालतो.