जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट आणि रिपेअरिंगचा हिशोब
डोंबिवलीतल्या १९८८ च्या बिल्डिंगमधला फ्लॅट विकत घेऊ पाहणाऱ्या एकाने म्हटलंय की टाइल्स आणि रंग धरून तो अडीच लाखात चकाचक होईल, पण हा झाला फक्त आतला खर्च, खरा खड्डा पडतो तो कॉलम-बीम आणि टेरेसच्या कामात आणि ती वर्गणी नवीन मालकाच्याच गळ्यात येते. आधी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट मागा, सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमांप्रमाणे) ३० वर्षांपुढच्या बिल्डिंगचं ते दर ३ वर्षांनी करायचं असतं, सेक्रेटरी आज देतो उद्या देतो करायला लागला की काय ते समजा. बाथरूमचं छत नीट बघा. एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर बोटाने ठोका, बद्द आवाज आला म्हणजे प्लास्टर सुटलंय, सरळ रेषेत तांबूस डाग असतील तर आतली सळई गंजतेय. आणि गळती वरून असेल तर फोडायची लादी वरच्याची, तो ऐकेल तेव्हा खरं! हे सगळं दाखवून भाव जरूर पाडा, फक्त स्टँप ड्युटी रेडी रेकनर (सरकारने ठरवलेल्या दराने येणारी किंमत) किंवा व्यवहाराची किंमत यातल्या जास्तीच्या आकड्यावर लागते, तिथे काही सूट नाही.