८५ घ्या म्हणता, पण मागे सरकायचं कुठे?

नायगावकर:
नवा कॅमेरा घेतला की प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो. पोर्ट्रेट काढायचीत ना, मग ८५ एमएमची लेन्स घे. हा आकडा जितका मोठा तितकं फ्रेममध्ये कमी मावतं, म्हणून तितकं मागे सरकावं लागतं. घर केवढं आहे, हे कोणी विचारत नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात कपाट, पलंग, ओटा आणि आईचं शिलाई मशीन. आता हिशेब करा. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ने उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून घ्यायचा तर साडेपंधरा फूट अंतर लागतं. त्याला भिंतीला चिकटवायचं नसेल तर आणखी दोन-तीन फूट. म्हणजे फोटो काढणारा शेजाऱ्यांच्या घरात उभा! हेच काम ५०ने नऊ फुटांत होतं आणि ३५ने साडेसहा फुटांत.

माझं मत स्पष्ट आहे. मुंबईत एकच प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घ्यायची तर फुल फ्रेमवर ३५ किंवा क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २४. तीच लेन्स घरात चालते, सकाळी दादरच्या फुलबाजारात चालते, आणि वडापावच्या गाडीसमोर उभं राहिलं तर गाडीवाल्यासोबत त्याची कढईही फ्रेममध्ये येते. ८५ लागेल तेव्हा भाड्याने आणावी. पटत नसेल त्यांनी बोला.

मागे_सरका:
नाही पटत. तुम्ही सोयीचा तेवढा हिशेब मांडलात. पोर्ट्रेट म्हणजे नखशिखांत फोटो, हे कोणी ठरवलं? छातीपर्यंतचा घ्या. ८५ला सहा फूट पुरतात, आणि सहा फूट तुमच्या खोलीतही निघतील. तोच फोटो ३५ने घ्यायला अडीच फुटांवर जावं लागतं. अडीच फुटांवरून नाक पुढे येतं, कान मागे जातात, चेहरा लांबोडका होतो. यात लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे. सेल्फीत आपण स्वतःलाच परके वाटतो ते याचमुळे. आपण एकमेकांशी चार-सहा फुटांवरून बोलतो, आणि तिथून दिसणारा चेहराच आपल्याला त्या माणसाचा वाटतो.

दुसरा मुद्दा बॅकग्राउंडचा, आणि मुंबईत तो जास्तच नडतो. आडव्या फ्रेममध्ये ३५ला ५४ अंश दिसतं, ८५ला जेमतेम २४. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुलीचा फोटो ३५ने काढून बघा. मागे शुभेच्छुकांचे बॅनर, केबलच्या वायरी, बॅरिकेड आणि मोबाइल धरलेले पन्नास हात. ८५ने तिची नथ आणि नजर उरते, बाकी सगळं विरघळतं.

नायगावकर:
त्या वायरी, ते बॅनर, ते हात म्हणजेच गिरगाव. ते विरघळवलंत तर तो फोटो ठाण्यात काढलाय की नाशकात, काय कळणार? आणि मी ३५ने छातीपर्यंतचा फोटो घेतच नाही. मी माणूस त्याच्या जागेसकट घेतो. आईचा फोटो मशीनशिवाय काढला तर तो पासपोर्टचा फोटो.

क्रॉपवाली_चेंबूर:
तुम्ही दोघं फुल फ्रेममध्ये भांडताय आणि इथे निम्म्या लोकांकडे निकॉनचा डी३५०० नाहीतर कॅननचा २००डी आहे, दोन्ही क्रॉप. त्यांच्यासाठी आकडे सांगते. निकॉनच्या क्रॉपवर ५० म्हणजे ७५सारखी, कॅननच्या क्रॉपवर ८०सारखी. म्हणजे क्रॉपवर ५० घेतलेला माणूस नकळत मागे_सरकांच्या पक्षात गेलेला असतो. छातीपर्यंत साडेपाच फूट, पूर्ण उभा माणूस चौदा फूट. क्रॉपवर ३५ म्हणजे ५२च्या आसपास. छातीपर्यंत चार फूट, पूर्ण उंचीला दहा.

बहुतेक जण ५० का घेतात? स्वस्त म्हणून. स्वस्त आहे आणि कामही चोख करते, याबद्दल वाद नाही. पण घरात ती घेऊन बसलं की पाठ कपाटाला टेकते आणि भाच्याचे पाय कापले जातात. मी क्रॉपवर ३५च्या बाजूने. २४सुद्धा नको, त्यातली कॅननची चपटी लेन्स २.८ची आहे. हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका मोठा तितका उजेड आत कमी.

किट_जिंदाबाद:
काहीच घेऊ नका. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची झूम, किट लेन्स, आहे ना सगळ्यांकडे? आधी काढलेल्या फोटोंची माहिती उघडा आणि तुमचा हात बहुतेक वेळा कुठे थांबतो ते बघा. हवं तर एक रविवार झूमच्या रिंगला ३५वर चिकटपट्टी लावा, पुढच्या रविवारी ५०वर. उत्तर फुकटात मिळेल, इथे लढाई करायची गरज नाही.

क्रॉपवाली_चेंबूर:
युक्ती चांगली आहे, पण तिने फक्त चौकट कळते. ५५वर ती किट लेन्स ५.६ची होते. १.८ची प्राइम तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० लागत होता तिथे ६४०च्या आसपास भागतं. तुमच्या घरी दोन्ही बाजूंनी खिडक्या असतील, आमच्याकडे संध्याकाळी पाचलाच दिवा लागतो.

बोरा_बाजार:
विषय थोडा सोडून, पण पैसे वाचतील. फोर्टात जुनी ५० किंवा ८५ घ्यायला जाल तर निकॉनवाल्यांनो, नावात एएफ-डी आहे का ते बघा. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींत फोकसची मोटर नाही, त्यामुळे ती लेन्स त्यांच्यावर ऑटोफोकस करत नाही. एएफ-एस मागा, तिच्यात स्वतःची मोटर असते. दुसरं, टॉर्च लेन्समधून आरपार मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कितीही स्वस्त देत असला तरी नमस्कार करून निघा. आणि घरी चांगली लेन्स असेल तर पावसाळ्यात ती कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

दादरचा_नाना:
फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँने जवळजवळ सगळं काम ५०वर केलं. एवढं बोलून खाली बसतो.

नायगावकर:
नाना, त्यांना फोटोसाठी पलंग उभा करून ठेवावा लागत नव्हता. नावंच घ्यायची तर वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचं घ्या. मुंबईत शिकलेल्या, रोलीफ्लेक्स वापरायच्या, आणि त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलताच येत नाही. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या फिल्मवरची ती ७५-८०ची लेन्स आजच्या फुल फ्रेमवर ४०-४५ची भरते. माझ्या ३५च्या जवळ, तुमच्या ८५पासून लांब.

दादरचा_नाना:
आणि माझ्या ५०च्याही तेवढीच जवळ. मोजून बघ.

लग्नसराई:
पोटासाठी लग्नं शूट करतो, म्हणून बोलतो. दोघांचंही अर्धंच ऐका. हॉलमध्ये ८५ घेऊन लांब उभे राहिलात की तुमच्या आणि नवरीच्या मध्ये व्हिडिओवाला, दोन मामा आणि अक्षता वाटणारी एक काकू हमखास येणार. अंतरपाट खाली येतो त्या क्षणाला मी ३५वर असतो, जवळ, गुडघ्यावर. पण कन्यादानाला बापाच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा ३५ घेऊन त्याच्या तोंडात जाणं मला जमत नाही. तिथे ८५च. लांब राहण्यात एक अदब आहे, ती या हिशेबांत कुठेच आली नाही.

आणि ८५ला १.८वर दोघांना एकत्र घेऊ नका. सहा-साडेसहा फुटांवरून फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारा भाग, जेमतेम सहा सेंटिमीटर असते. नवरा अर्धं पाऊल मागे असला तर तो गेला. छिद्र चारपर्यंत बंद करा, मग ती महागडी १.८ वाया गेली म्हणून रडू नका.

एकच लेन्स ठेव म्हणालात तर फुल फ्रेमवर ५०. दोन्हीकडे थोडी कमी पडते, पण कुठेच अडत नाही.

मागे_सरका:
अदबीचा मुद्दा लाखाचा, तो मी मांडायला हवा होता. नायगावकर, चाळीत जागा नाही म्हणता आणि गॅलरी विसरता? रुंदी चार फूट असेल, पण लांबी बघा. एका बाजूने दिवसभर मऊ उजेड, मागे कठड्यांची रांग धूसर होत जाणारी. ८५साठी याहून चांगला स्टुडिओ पैसे देऊन मिळत नाही.

नायगावकर:
गिरगावच्या चाळी बघून बोलताय तुम्ही. बीडीडीत बाहेर गॅलरी नसते. मधून कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि भर दुपारी ट्यूब लावावी लागते.

मागे_सरका:
मग कॉरिडॉरच वापरा, लांबी तर आहे ना! माणसाला टोकाच्या उजेडाकडे तोंड करून उभं करा. ट्यूबखालीच काढायचा झाला तर शटर १/१०० सेकंदावर ठेवा. आपल्या विजेवर ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, त्याहून वेगाने गेलात की कधी अंधार, कधी पिवळट पट्टे.

नायगावकर:
कॉरिडॉरमध्ये पाण्याची पिंपं आणि सायकली आहेत. १/१००चं मात्र घेतलं.

नवा_भिडू:
काका, ताई, मंडळी, मी गोंधळलो. डी३५०० आहे, घाटकोपरला वन रूम किचन, मुलगी दीड वर्षाची. नक्की काय घेऊ?

क्रॉपवाली_चेंबूर:
३५, १.८, एएफ-एस डीएक्स. डीएक्स म्हणजे निकॉनच्या क्रॉपसाठीची. तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस होते.

लग्नसराई:
तिचंच ऐक. ८५ला ८० सेंटिमीटरच्या आत काही दिसत नाही, आणि दीड वर्षाचं पोर कॅमेरा दिसला की तो धरायलाच येतं.

मागे_सरका:
या वयाला ३५ ठीक आहे, हरकत नाही. ती शाळेत जाऊन फोटोला लाजायला लागली की ८५साठी इकडे ये.